ओझे कोणाच्या पाठीवर?



मागे एकदा याच सदरातून आम्ही कान्हेरीच्या लेण्यांच्या रविवारच्या पायपिटीबद्दल लिहिले होते. तेव्हापासून ओळखीची काही मंडळी विचारत आहेत की, तुम्ही मित्रमंडळी हिमालयातही जाऊन आलात म्हणे, मग त्याबद्दल का लिहीत नाही? न लिहिण्याचे कारण वेळ नव्हता असे नाही. त्या प्रवासात दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली, ती सांगताना आम्हांला संकोच वाटत होता. पण जे स्वतःला लागू होत नाही ते इतरांना सांगण्यात काय अर्थ? म्हणून आज ते मोकळेपणाने लिहितो.

सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही पाच जण दार्जिलिंगच्या बाजूला संदकफूच्या वाटेवर पायी गेलो. पाचही जण एकाच वसाहतीतले. एक महापालिका शाळेतले मास्तर, एक रेल्वेच्या कारखान्यातले फिटरभाऊ, एक इस्पितळात परिचारिका असलेल्या आमच्या ताई, त्यांचे पती पोस्टमन, म्हणजे आमचे दाजी, आणि आम्ही स्वतः कारकून. कोणीही चाळिशीच्या आत नाही. दोन वर्षे दरमहा ५०० रुपये भिशीत टाकले, तेव्हा प्रत्येकी १२,००० रुपये जमले. हिशेबाची वही अर्थातच आमच्याकडे होती.

वसाहतीत हसू झालेच. एका आजीबाईंनी तर आम्हांला जिन्यात अडवून विचारले, "डोंगर चढाया पैसं देऊन जाताय व्हय? आमी मोळी घेऊन रोज चढत होतो, तवा कोनी फोटू नाय काढला." आजींचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या मागच्या पिढ्यांनी डोंगर कमी चढलेले नाहीत. फक्त त्यांच्या डोक्यावर सरपण होते, गवताचा भारा होता, नाहीतर दुसऱ्याचे सामान होते. स्वतःच्या मर्जीने, नुसते पाहायला म्हणून डोंगर चढणारी आपल्या घरांतली आमची बहुधा पहिलीच पिढी. ही गोष्ट मनात ठेवूनच पुढचे वाचावे.

तयारी अशी केली. दोन महिने रोज चाळीचे चार मजले दहा वेळा चढउतार, पाठीवर पिशवीत आठ किलो तांदूळ. एका रविवारी कळसूबाई. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचे. ते चढलो तेव्हा आपण काहीतरी मोठे केले असे वाटले होते. पण पुढे गंमत अशी झाली की, हिमालयातली आमची चाल ज्या गावातून सुरू झाली, ते गावच कळसूबाईच्या माथ्याहून उंच निघाले.

मुंबईहून गाडीत दोन रात्री काढून न्यू जलपाईगुडीला उतरलो, तेथून जीपने दार्जिलिंग. दार्जिलिंग सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. तेथे एक दिवस मुद्दाम थांबलो, कारण शरीराला विरळ हवेची सवय व्हावी लागते. त्या दिवशी गिर्यारोहण संस्था पाहिली. ही संस्था १९५४ साली सुरू झाली. तिच्या आवारात तेनझिंग नोर्गे यांचा पुतळा आहे. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्यासह ते एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. पण १९३५ साली हेच तेनझिंग एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत ओझेवाले म्हणून प्रथम गेले होते, हे आम्हांला तेथे कळले. अठरा वर्षे दुसऱ्यांची ओझी वाहत वाहत ते शिखरावर पोचले, आणि मग याच संस्थेत प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. फिटरभाऊ त्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभे होते. ते का, हे दुसऱ्या दिवशी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेभंज्यांगला गेलो. माने म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची रचना किंवा छोटा स्तूप, आणि भंज्यांग म्हणजे दोन डोंगरांमधली खिंड. गाव अगदी भारत-नेपाळच्या सीमेवर आहे. येथून संदकफू सुमारे ३१ किलोमीटर. जुन्या इंग्रजी बनावटीच्या लँडरोव्हर गाड्याही येथून वर जातात. पण आम्हांला पायीच जायचे होते. हे सिंगालीला राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे स्थानिक गाइड सोबत घ्यावाच लागतो. ओझेवाला घ्यायचा की नाही, हे मात्र आपल्यावर असते. आणि तेथेच आमचे भांडण झाले.

गाइडने एका गृहस्थांना पुढे आणले. वय पन्नाशीच्या घरात, अंगाने काटक. पाठीवर वेताची टोपली, तिला डोको म्हणतात. टोपलीचा पट्टा कपाळावर घ्यायचा, त्याला नाम्लो म्हणतात. वर्षानुवर्षे तो पट्टा घेऊन त्यांच्या कपाळावर आडवी खूण पडली होती. फिटरभाऊंनी ती खूण पाहिली आणि म्हणाले, "माझं सामान मी कुणाच्या डोक्यावर देणार नाही. माझ्या बापानं गोदीत गोण्या उचलल्या. मणक्यानं गेला तो. मी आता साहेब बनून दुसऱ्याला हमाल करू का?"

मास्तर म्हणाले, "अहो, मजुरी देतोय ना आपण? मजुरी आणि वेठ एक कशी?" दाजी म्हणाले, "पाच जणांत एक गडी घेतला तर बिघडलं कुठं?" आवाज चढले. ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. भाषा कळत नव्हती, पण भांडण कशावरून आहे ते त्यांना बरोबर कळले. ते हिंदीत म्हणाले, "साब, सीझन दो महीने का है। बोझा नहीं मिला तो घर बैठना पड़ेगा।"

यावर कोणाला काही बोलता येईना. आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून दुसऱ्याची रोजी बुडवायची, हा कसला न्याय? शेवटी मास्तरांनीच वाट काढली. ते म्हणाले, "वेठ म्हणजे काय? दर ठरलेला नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि ओझ्याला माप नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याचं विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. संविधानाच्या २३व्या कलमानं वेठबिगारीला बंदी केली तीही यासाठीच. मग आपण या तिन्ही गोष्टी पाळू. दर आधी ठरवू, माप ठरवू, आणि त्यांना नको असेल तेव्हा नाही म्हणू देऊ."

त्याप्रमाणे तेथेच ठरले. मजुरी स्थानिक दराप्रमाणे, रोजच्या रोज हातात. ओझे २० किलोपेक्षा जास्त नाही. आपण जे खाऊ तेच त्यांचे जेवण, आणि तेही एका टेबलावर. झोपायला आपल्यासारखीच जागा. एका दुकानात काटा होता, त्यावर आम्ही चौघांनी प्रत्येकी ४ किलो सामान मोजून दिले, एकूण १६ किलो. वहीत नोंद केली. फिटरभाऊंनी मात्र आपली ११ किलोची पिशवी पाठीवरून उतरवली नाही. "तुम्ही द्या, माझं मला राहू द्या," म्हणाले.

नेपाळी भाषेत थोरल्या भावाला दाजू म्हणतात. आम्ही त्या गृहस्थांना दाजू म्हणू लागलो. आमचे पोस्टमन मित्र दाजी, आणि हे दाजू. एकाला हाक मारली की दोघेही वळून पाहायचे. पहिला तासभर त्या हसण्यातच गेला.

आणि हसू तेवढ्यापुरतेच पुरले. मानेभंज्यांगहून चित्रेपर्यंतचे तीन किलोमीटर सरळ छातीवर येणारी चढण आहे. चाळीचे जिने येथे कामी आले, पण पुरे पडले नाहीत. चित्रेला एक विहार आहे, रंगीत पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. निळा, पांढरा, लाल, हिरवा आणि पिवळा असे त्यांचे पाच रंग. आपल्या पंचशील ध्वजाची आठवण झाली, जरी रंग तेच नाहीत. तेथल्या लोकांचा बौद्ध धर्म तिबेटी परंपरेचा, त्यांच्या चालीरीती आपल्याहून बऱ्याच निराळ्या. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली की ती आपल्या उजव्या हाताला राहील अशा बेताने जातात. दाजू तसे गेले, आम्हीही तसेच गेलो. ताईंनी तेथे वंदन केले. दाजूंनी विचारले, "आप लोग भी बुद्ध को मानते हो?" ताई म्हणाल्या, "हो, आमच्याकडे आता लाखो लोक मानतात." दाजूंना मुंबईकडेही बौद्ध आहेत हे माहीत नव्हते. मग पुढचा अर्धा तास मास्तरांनी त्यांना १९५६ सालची नागपूरची दीक्षा समजावून सांगितली. चढावर बोलल्यामुळे मास्तरांना जी धाप लागली, ती मेघमापर्यंत ओसरली नाही.

येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. चढताना दम लागेल इतके बोलू नये आणि शर्यत लावू नये. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. पहिल्या दिवशी दाजी पुढे आणि फिटरभाऊ मागे असे अंतर पडत गेले. अकरा किलो घेऊन ते गप्प चालत होते. कोणी विचारले की, "बरं आहे," एवढेच म्हणायचे.

रात्री तुमलिंगला मुक्काम केला. तुमलिंग नेपाळच्या हद्दीत आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तेथे पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र मात्र जवळ हवे, कारण वाटेत सशस्त्र सीमा दलाच्या चौक्यांवर ते पाहतात. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. दाजी म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेच्या आधी पोचलो." गरम डाळभात, राईची भाजी आणि वाळवलेल्या पाल्याचे आंबट गुंद्रुक, असे जेवण झाले. ठरल्याप्रमाणे दाजू आमच्याच टेबलावर बसले. सुरुवातीला ते संकोचले. त्यांना चुलीजवळ, घरच्या माणसांत बसायची सवय होती. मग आमच्या लक्षात आले की, आपल्या तत्त्वासाठी त्यांना अवघडून बसवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीपासून आम्हीच आमची ताटे घेऊन चुलीजवळ जाऊन बसलो.

पहाटे पाचला गाइडने दार वाजवले. बाहेर कडाक्याची थंडी. आणि समोर, आयुष्यात कधी पाहिली नव्हती अशी, पांढऱ्या शिखरांची रांग. प्रथम राखाडी, मग गुलाबी, मग सोन्यासारखी. मध्यभागी कांचनजुंगा, उंची ८,५८६ मीटर, जगात तिसऱ्या क्रमांकाची. १९५५ साली पहिल्यांदा माणसे वर पोचली तेव्हा सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून ती माथ्याच्या थोडी अलीकडेच थांबली. ही सगळी रांग मिळून एक आडवी आकृती दिसते. एका टोकाला कुंभकर्ण शिखर म्हणजे मस्तक, मध्ये कांचनजुंगा म्हणजे देह, दुसऱ्या टोकाला पांडिम म्हणजे पाय. तिकडे सर्व जण तिला निद्रिस्त बुद्ध म्हणतात.

डोंगर तो डोंगरच, हे आम्हांला कळते. बर्फात आणि खडकात माणसाला आपल्या मनातलीच आकृती दिसते. पण अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आमची त्या वेळची अवस्था समजेल. पाचही जण हात जोडून उभे होतो. कोणी कोणाशी बोलले नाही. भगवंतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली, हे आपण इतक्यांदा ऐकतो. त्या सकाळी सुजलेल्या पायांवर उभे राहून त्याचा अर्थ थोडा कळला.

आता ती गोष्ट, जी सांगायला आम्ही टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी तुमलिंगहून जौबारी आणि तेथून खाली गैरीबास. गैरीबास २,६२१ मीटरवर आहे, म्हणजे आदल्या दिवशी कमावलेली उंची पुन्हा उतरायची. चढणीत छाती बोलते आणि उतारात गुडघा बोलतो, असे जाणकार म्हणतात ते खरे आहे. पाठीवर वजन असले की प्रत्येक पावलाला ते सगळे गुडघ्यावर आदळते. निम्म्या उतारावर फिटरभाऊ मटकन खाली बसले. उजवा गुडघा सुजला होता. ताईंनी पाहिले, दाबून पाहिले, पट्टी बांधली, आणि सांगितले, "हाडाला काही नाही. चालता येईल, पण वजन नको. पाठीवर काही घेतलंत तर मी इथूनच जीपने परत पाठवीन."

कसेबसे गैरीबासला पोचलो. आता ११ किलोची पिशवी कोणी घ्यायची? दाजूंनी काही न बोलता ती उचलली आणि डोकोत टाकायला लागले. १६ आणि ११ मिळून २७. ठरलेल्या मापापेक्षा ७ किलो जास्त. फिटरभाऊ "नको, नको," म्हणत होते, तर दाजू हसून म्हणाले, "सत्ताईस तो कुछ नहीं, साब।" आणि ते खरेच होते. ते याहून जास्त वाहत आले होते.

वाचकहो, त्या क्षणी आम्ही काय केले? वहीत २० किलोची नोंद आमच्याच हातची होती. पुढे गैरीबासहून कैंयाकाटापर्यंत उभी चढण दिसत होती. आमचे खांदे दुखत होते. दाजू तर हो म्हणताहेत, आपण कशाला मध्ये बोला, असे मनात आले. आम्ही खाली वाकलो आणि आधीच नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो. मास्तर पाण्याची बाटली शोधू लागले. दाजी डोंगर पाहू लागले. सकाळी बुद्धापुढे हात जोडणारे आम्ही, दुपारी सात किलोंसाठी मान वर करीत नव्हतो.

ताई तेवढ्या उठल्या. त्यांनी डोकोतून आपली पिशवी ओढली, त्यातून सुमारे दोन किलोचे कपडे काढले आणि आपल्या पाठीवरच्या पिशवीत कोंबले. आम्हांला कोणाला काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

मग आमची नाडी एकदाची बांधून झाली. आमची चार किलोची पिशवी आम्ही सबंधच्या सबंध बाहेर काढली. तिच्यात काय निघाले? एक जादा स्वेटर, जो अंगाला लागला नव्हता. लाडवांचा स्टीलचा डबा. चिवड्याचे दोन पुडे. एक जाड पुस्तक, जे उघडलेसुद्धा नव्हते. आणि दोन किलोमीटरवरूनही वाचता येईल एवढी मोठी विजेरी. ही आमची हौस दाजू दोन दिवस कपाळाने ओढत होते. मास्तरांनी एक किलो काढले. दोन, चार आणि एक, सात किलो झाले. दाजींनी फिटरभाऊंना खांदा दिला आणि त्यांच्यासाठी बांबूची काठी तोडून आणली. चिवडा आणि लाडू आम्ही तेथेच सर्वांना वाटून टाकले, गाइड आणि दाजूंसह. ओझे कमी करण्याचा हा उपाय सर्वांनाच पटला.

आमच्या पाठीवर आता ११ किलो झाले. म्हणजे फिटरभाऊ दीड दिवस जेवढे मुकाट्याने वाहत होते, नेमके तेवढेच. कैंयाकाटाच्या चढणीवर पहिल्या शंभर पावलांत आम्हांला कळले की ते मागे का राहत होते. गुडघा दुखावला तो त्या शंभर पावलांत नव्हे, आदल्या दिवशीच. त्यांचा हट्ट होता हे खरे. पण तो हट्ट आहे असे म्हणून आम्ही पुढे चालत राहिलो, हेही खरे.

संध्याकाळी कालीपोखरीला पोचलो. पोखरी म्हणजे तळे. काळ्या पाण्याचे लहानसे तळे, भोवती पताका. चुलीजवळ सगळे बसलो. फिटरभाऊ दाजूंना म्हणाले, "माझं ओझं तुम्हाला द्यायचं नव्हतं, ते तुम्हाला कमी लेखून नव्हे. माझे वडील आठवले." दाजूंनी विचारले, ते काय उचलायचे. "धान्याच्या गोण्या." किती किलोच्या? "शंभराच्या." दाजू बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिले. मग म्हणाले की, त्यांची मुलगी दार्जिलिंगला कॉलेजात आहे, आणि तिने हा पट्टा कपाळाला लावू नये एवढेच त्यांना वाटते. फिटरभाऊ म्हणाले, "माझ्या बापालाही एवढंच वाटत होतं."

यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

ज्यांना अशा वाटेने जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबतो. नवे बूट प्रवासात प्रथम घालू नका, महिनाभर आधी वापरा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ वाटली तर लपवू नका, आणि वाढली तर खाली उतरा. ओझेवाला घेतलात तर दर, वजन, जेवण आणि झोपायची जागा आधी ठरवा, आणि त्यांच्याकडे गरम कपडे आहेत की नाही ते पाहा. शेवटची गोष्ट, घरी पिशवी भरताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ही मी स्वतः वाहीन का? ज्याचे उत्तर नाही असे येईल, ती वस्तू घरीच ठेवा.

संदकफूची शेवटची चढण, आणि फिटरभाऊ वर पोचले की नाही, ते पुढील वेळी.

जयभीम!